आजोळ : १६० चौरस फूट

शाळांचे शेवटचे पेपर झाले की अर्धी मुंबई बोचकी बांधून गावाकडं सुटायची. परळ-लालबागच्या खोल्यांना कुलपं लागायची, एस.टी.च्या टपावर वळकट्या चढायच्या आणि गावोगावच्या विहिरींवर मुंबईची पोरं पोहायला शिकायची, म्हणजे बुडायची आणि आमच्यासारख्यांना ती वर काढावी लागायची. पण आम्हाला तेवढा वेळ नसायचा. कारण नेमक्या त्याच आठवड्यात आम्ही ओगलेवाडीच्या कराड स्टेशनात महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून उलट्या दिशेनं निघालेलो असायचो. आमचं आजोळ मुंबईत होतं. वरळीला, बीडीडी चाळीत, तिसऱ्या मजल्यावर.

या उलट्या वाहतुकीचे तोटे बरेच. आमच्या बांधावरच्या आंब्याचे पाड मुंबईची पोरं खायची आणि आम्ही मुंबईत जाऊन डझनाच्या भावानं विकत आणलेला आंबा सहाजणांत एक असा वाटून घ्यायचो. बाठा कुणाला, यावर मतदान व्हायचं.

पण खरा तोटा शाळेत झाला. पाचवीत गुरुजींनी ‘माझे आजोळ’ हा निबंध घातला. या निबंधाचा आराखडा महाराष्ट्रात पूर्वीपासून मंजूर आहे. कौलारू घर, शेणानं सारवलेलं अंगण, परसात विहीर, विहिरीवर मोट, गोठ्यात कपिला गाय आणि ओट्यावर सुपारी कातरणारे आजोबा. मी मात्र जे होतं ते लिहिलं. ‘माझे आजोळ तिसऱ्या मजल्यावर आहे. एका मजल्यावर वीस खोल्या आहेत. संडास सार्वजनिक आहेत.’ गुरुजींनी मला टेबलापाशी बोलावलं.

“आजोळी एक झाड नाही रे तुझ्या?”

“आहे की गुरुजी. तुळस.”

“कुठं?”

“खिडकीत. डालड्याच्या डब्यात.”

दहापैकी तीन गुण मिळाले. सहावीत तोच निबंध पुन्हा आला तेव्हा मी विहीर, आमराई आणि दोन गाई घातल्या, एक गाय गाभण ठेवली आणि सात गुण घेतले. त्या गाई तिसऱ्या मजल्यावर कशा चढल्या, हे गुरुजींनी विचारलं नाही. ललित लेखनाकडं मी वळलो तो तिथून.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२०मध्ये इंग्रज सरकारनं हे खातं काढलं आणि त्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं कामगारांसाठी चाळी उठवल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध लांबलचक अंधारा पॅसेज आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. भिंती काँक्रीटच्या. या चाळी मुळात तुरुंग म्हणून बांधल्या होत्या, असं तिथं जन्मलेलं प्रत्येक मूल छाती फुगवून सांगतं. भिंतीत खिळा ठोकायला गेलं की खिळा वाकायचा, हातोडी उडायची, पण भिंतीला ओरखडा यायचा नाही. त्यामुळं चाळीत देवांच्या तसबिरी खिळा जिथं गेला तिथं लागायच्या. आमच्याकडं गणपती मोरीच्या वर होता आणि विठोबा दारामागं. दार उघडं असलं की विठोबा दिसत नसे, आणि दार कायम उघडंच असे.

तर खोली १६० चौरस फुटांची. हा आकडा मला फार पुढं कळला. तेव्हा आम्ही ती माणसांत मोजायचो. आज्जी, आबा, थोरला मामा-मामी, त्यांची तीन पोरं, धाकटा मामा, आणि मे महिन्यात आई, मी आणि माझी बहीण. अकरा. वडील आम्हाला सोडून दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत जायचे. शेतीची कामं आहेत म्हणायचे. मे महिन्यात आमच्या कोरडवाहू रानात कसली कामं होती, हा प्रश्न आईनं कधी जाहीरपणे विचारला नाही.

दारातून आत गेलं की डाव्या हाताला मोरी, मोरीला लागून ओटा, ओट्यावर बत्तीचा स्टोव्ह. समोर खिडकी, खिडकीशी लोखंडी कॉट. आमच्या आजोळचा मुख्य मजला म्हणजे ही कॉट. तिच्या चारी पायांखाली चार-चार विटा होत्या. त्यामुळं ती एवढी उंच झाली होती की आज्जीला वर चढायला पाट लागायचा. कॉटखाली पत्र्याच्या दोन ट्रंका, तांदळाचा डबा, गिरणीतून सवलतीत मिळालेल्या कापडाचं गाठोडं, लग्नात आलेली आणि कुणाच्या तरी लग्नात द्यायची असलेली भांडी, आणि रात्री आम्ही पोरं.

रात्री साडेनऊ वाजता आज्जी पदर खोचून मधोमध उभी राहायची. त्याआधी जमिनीवर पाऊल टाकायची कुणाला परवानगी नसे. आधी ट्रंका बाहेर पॅसेजमध्ये जायच्या. मग घडवंची उलटी होऊन ओट्यावर. मग सतरंजी, तिच्यावर दोन गोधड्या आडव्या. “तू भिंतीकडं. तू हिच्या पायाशी डोकं कर. तुझं पाय लांब झालं रं यंदा, तू दारात.” दारात म्हणजे अर्धा खोलीत आणि अर्धा पॅसेजमध्ये. तिथं झोपण्यासाठी पाय लांब व्हावे लागत, म्हणून आम्ही पोरं वर्षभर वाढण्याची वाट बघायचो. थोरला मामा गादी काखेला मारून गच्चीवर जायचा. धाकटा मामा पॅसेजमध्ये, पण त्याची जागा शेजारच्या खोलीसमोर होती, कारण आमच्या खोलीसमोर समोरच्यांचा मुलगा झोपत असे. हा करार कधी आणि का झाला, ते दोन्हीकडच्यांना सांगता यायचं नाही, पण त्यात बदल करायला कुणी तयार नव्हतं.

कॉटखाली झोपलेल्या पोराला सकाळी दचकून उठायची मुभा नव्हती. उठलं की कपाळ लोखंडी पट्टीवर. माझ्या पिढीतले आमचे सगळे मावस-मामे भाऊ अजूनही डोळे उघडल्यावर आधी आडवे सरकतात आणि मग उठून बसतात. लग्न होऊन आमच्याकडं आलेल्या बायकांना हा कुळाचार वाटला.

आणि कॉटवर कोण? तर ज्याची पाळी असेल तो. आबा साचेखात्यात, धाकटा मामा त्याच गिरणीत बदली कामगार. आबांची दुसरी पाळी सुटायची मध्यरात्री, मामाची रातपाळी असली तर तो सकाळी सातनंतर यायचा. एक उठला की दुसरा पडायचा. ती कॉट गार पडलेली मी १९८२पर्यंत बघितली नाही.

साचेखातं म्हणजे मागांचा विभाग. शेकडो माग एकदम चालले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं आयुष्य घालवलेल्या माणसाला दोन गोष्टी चिकटतात. एक, त्याचा आवाज चढतो. दुसरी, त्याला ओठ वाचता येतात. आबा दोन्हीत तरबेज होते. त्यांनी आज्जीच्या कानात कुजबुजून सांगितलेली गोष्ट चाळीजवळच्या जांबोरी मैदानापर्यंत जायची. “पोरीच्या हातावर वीस रुपये ठेव, सुनंला कळू दिऊ नगंस,” असं ते आईच्या निघायच्या दिवशी दरवर्षी गुपचूप सांगायचे आणि मामी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून हसू दाबायची.

पण ओठ वाचणं हे आमच्या दृष्टीनं संकट होतं. पोरांची खलबतं कुजबुजत करण्याला काही अर्थच नव्हता, कारण आबांना ऐकू काहीच येत नसे आणि कळत सगळं असे. चिंचा कुणाच्या बरणीतून घ्यायच्या, पैसे कुणाच्या खिशातून, हे सगळं आम्ही भिंतीकडं तोंड करून बोलायचो. समोरच्या इमारतीतल्या खिडक्याही त्यांच्या टप्प्यात होत्या. संध्याकाळी चहाची बशी तोंडाशी धरून ते खिडकीत बसायचे आणि आज्जीला पलीकडच्या बातम्या द्यायचे. “बावीस नंबरची म्हणतीया नणंदंला आणणार न्हाई.” बावीस नंबरवाल्यांना तो आवाज अर्थातच पोचायचा आणि त्या खिडकी लावून घ्यायच्या.

पाण्याबद्दल आणि संडासाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं तर चाळीबद्दल लिहूच नये. मजल्याचे संडास पॅसेजच्या टोकाला. पहाटे तिथं माणसं नव्हे, तर डबडी रांगेत उभी असत. प्रत्येक घराचं डबडं ठरलेलं: रंगाचा डबा, डालड्याचा डबा, कान तुटलेलं जर्मनचं टमरेल. डबडं लावून मालक घरी चहा प्यायचा, दाढी करायचा, पेपर वाचायचा, आणि त्याच्या नंबराला कुणी हात लावायची छाती करत नसे. मजल्यावर एक हवालदार राहायचे. बाहेर त्यांना सगळे वचकून असत, पण डबड्याच्या रांगेत त्यांचा वर्दीचा मान चालत नसे, आणि एकदा त्यांनी घाईच्या वेळी आपलं डबडं दोन नंबर पुढं सरकवलं तेव्हा सहा खोल्यांतल्या बायकांनी मिळून त्यांची जी उलटतपासणी घेतली तशी त्यांनी चौकीत कुणाची घेतली नसेल.

आम्ही गावची पोरं. आम्हाला मुंबईत सगळंच नवीन असणार, असं मामाला वाटायचं. आम्हाला मुंबई दाखवली पाहिजे, असा त्याचा ध्यास. त्यानं राणीची बाग दाखवली, हाजीअली दाखवलं, आणि एका रविवारी खास सुट्टी काढून आरे कॉलनीत नेलं. कशासाठी? म्हशी बघायला. वर्षभर म्हशीमागं फिरून पायाला भेगा पडलेली आम्ही दोघं भावंडं, दोन लोकल आणि एक बस बदलून, डब्यात पुऱ्या-बटाट्याची भाजी घेऊन, गोठ्याबाहेर उभं राहून म्हशी बघत होतो. मामेभाऊ हरखून ओरडत होते. “शेण! शेण!” बहिणीनं मला कोपरानं ढोसलं आणि हळूच विचारलं, “दादा, ह्या लोकांना खरंच दाखवायला दुसरं काही नाही का रं?” मात्र परत गावी आल्यावर काचेच्या बाटलीतल्या, वर चांदीचं बूच असलेल्या आरेच्या दुधाचं आम्ही जे वर्णन केलं, त्यापुढं दारातल्या म्हशीचं धारोष्ण दूध महिनाभर आम्हाला गावंढळ वाटलं.

आता हिशेब घालून बघितला की लक्षात येतं, त्या खोलीत आम्ही निव्वळ अडचण होतो. १६० फुटांत तीन माणसं वाढली की कुणाची तरी झोप, कुणाची तरी अंघोळ, कुणाचं तरी ओट्याशी उभं राहणं कमी होतंच. मामीला महिनाभर साडी बदलायला शेजारच्या खोलीत जावं लागायचं. रातपाळी करून आलेल्या मामाच्या उशाशी आम्ही पत्ते कुटायचो. तरी रामनवमी होते न होते तोच मामाच्या अक्षरातलं आज्जीचं पोस्टकार्ड यायचं. ‘पोरांस लवकर पाठवणे.’ गावी आमचं घर सात खणांचं होतं. तिथं कोपऱ्यात गप्प बसलो तरी कुणीतरी म्हणायचं, मधे मधे करू नकोस. त्या खोलीत मधे न येता उभं राहायला जागाच नव्हती आणि तिथं मात्र हे वाक्य मी ऐकलं नाही. मला विचाराल तर आजोळ याहून वेगळं काही नसतं. विहीर आणि गाय ही गुणांपुरती.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. त्या मे महिन्यात आम्ही शेंगांच्या गाठोड्याबरोबर ज्वारीचं पोतं घेऊन गेलो. दादरला हमाल करायचा नाही म्हणून ते वडिलांनी पाठीवर घेतलं, आणि त्या वर्षी शेतीची कामं असूनही ते चार दिवस राहिले. चाळीतल्या बऱ्याच खोल्यांना कुलपं होती. रांगेत डबडी कमी झाली होती. आबा दिवसभर घरी. कॉट पहिल्यांदा पूर्णवेळ त्यांच्या मालकीची झाली आणि त्यांना तिच्यावर झोप येईना. दिवसभर ते खिडकीत बसून समोरची अख्खी इमारत वाचून काढायचे, पण आज्जीला काही सांगायचे नाहीत. सगळ्या खिडक्यांतून एकच विषय चालला असणार.

तो संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही. आबांनी या मुद्द्याचा पुढं आयुष्यभर उपयोग केला. आज्जीनं भाजी आणा म्हटलं, दळण आणा म्हटलं, की कॉटवरून आवाज यायचा. “मी संपावर हाय.” वरळीच्या आसपासच्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले, तरी आबा संपावरच होते.

अलीकडं चाळीवर हळवं होऊन बोलायची एक साथ आली आहे. माणुसकी, उघडी दारं, वाटीभर साखर वगैरे. असं बोलणारा माणूस बहुधा चाळीतून वेळेवर बाहेर पडलेला असतो. आज्जीला यातलं काही पटलं नसतं. तिची घराची व्याख्या एकाच गोष्टीवर उभी होती. “संडास घरात पायजे. बाकी घर कसं बी असू दे.” गुडघे दुखायला लागल्यावर तर ही मागणी ती मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या माणसापुढं मांडायची. ते नमस्कार करायचे, होणार आजी, होणार म्हणायचे, आणि पुढच्या खोलीत जायचे. उघड्या दारांचं म्हणाल, तर दार दिवसा लावलं की पाच मिनिटांत बाहेर माणसं जमायची. आत भांडण चालू असेल, पैसे मोजत असतील किंवा एकटेच काहीतरी चांगलं खात असतील, या तीनपलीकडं दार लावायचं चौथं कारण चाळीला ठाऊक नव्हतं. माणुसकीपेक्षा धास्तीनं दारं उघडी राहायची.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. ४० मजल्यांचे मनोरे, घर ५०० चौरस फुटांचं. त्यातलं एक धाकट्या मामाला मिळालं. आता तो सत्तरीचा आहे, त्याची बायको, म्हणजे धाकटी मामी, पासष्टीची. मला फोन आला. “ये बघायला. दोन संडास आहेत.” पत्ता, मजला, विंग हे सगळं नंतर सांगितलं.

मी गेलो. मामानं घर दाखवलं त्यात निम्मा वेळ त्या दोन ठिकाणी गेला. एकाच्या दारात उभं राहून म्हणाला, “आईचं गुडघं...” आणि मग फ्लशचं बटण दाबून दाखवलं, एकदा अर्धं आणि एकदा पूर्ण. कॉट बेडरूममध्ये होती. विटांसकट. सून नव्या पलंगाचं बोलली होती, पण मामाचा मुद्दा बिनतोड होता: मग खालचं सामान ठेवायचं कुठं? मी विचारलं, सामान काय आहे? तो म्हणाला, “काही नाही. पण झालं तर?”

जेवताना मी हिशेब मांडला. १६० फुटांत अकराजण झोपत होते, तर त्या हिशेबानं ५०० फुटांत चौतीसजण आरामात मावावेत. सून पोळी वाढता वाढता थांबली. मामाच्या मुलानं लगेच सांगितलं की एक बेडरूम त्याला ऑफिसच्या कॉलसाठी लागते, दुसरीत आई-बाबा असतात, आणि हॉल तसा ठेवलाय म्हणजे बरा दिसतो. मी म्हटलं, मी रात्रीच्या गाडीनं जाणार आहे रे. सगळ्यांनी एका सुरात राहायचा आग्रह केला. तो सूर इतका नेमका जुळला होता की मी गाडीची वेळ पुन्हा एकदा सांगितली.

मामीची तक्रार मात्र निराळी होती. या घरात कोण कुठं आहे तेच कळत नाही. चाळीत ओट्याशी उभं राहून सगळं दिसायचं. आता मामा हरवतो. मग ती स्वयंपाकघरातून बेडरूममध्ये फोन लावते, तो फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला असतो, आणि सून तो घेऊन सासऱ्यांना शोधत निघते.

संध्याकाळी मी निघालो तर लिफ्टसमोरच्या भिंतीवर सोसायटीची टाइप केलेली सूचना: ‘पॅसेजमध्ये चपला, कुंड्या, सायकली तसेच खुर्च्या ठेवू नयेत.’ सूचनेच्या बरोबर खाली चार खुर्च्या होत्या. एकीवर मामी, उरलेल्या तिन्हींवर जुन्या मजल्यावरच्या शेजारणी, मधे पेपर पसरून मेथी निवडायचं चाललं होतं. पेपरच्या कडेला एक नातू पालथा पडून मोबाइल बघत होता. लिफ्ट उघडली आणि कुरियरवाला खोकं घेऊन बाहेर आला. त्यानं नंबर विचारायच्या आत मामीनं खोक्यावरचं नाव वाचलं.

“डावीकडं शेवटचं. पण ती आत्ता घरी नाही, माहेरी गेलीय.”

“मिक्सर असणार,” दुसरी म्हणाली. “गेल्या आठवड्यात बिघडला तिचा.”

“ठेव इथं,” तिसरीनं मेथीची जुडी उचलून जागा केली. “सही कुठं करायची?”